वाल, वाला आणि वाळा

वहिनी, दुपारी जेवण झाल्यावर जरा डोळा लागला की तू येतेस. बोलत काहीच नाहीस. हातात पितळेचं फुलपात्र असतं. त्यातलं पाणी तोंडात घेतेस आणि गालात धरून ठेवतेस, गिळत नाहीस. डोळे मिटलेले. तुझ्या मागे डोंगरीचा आपला उतरता मळा असतो, वांग्यांच्या ओळी, खाली विहीर, आणि त्याही खाली, भाताच्या खाचरांपलीकडे, समुद्र असतो की नुसतं धुकं, ते मला झोपेत ठरवता येत नाही. मी समोर उभी असते, निकालाच्या दिवशी शाळेच्या व्हरांड्यात उभ्या असलेल्या पोरीसारखी. तू आता डोळे उघडणार, एवढ्यात पलीकडच्या आळीतला कोंबडा भलत्या वेळी ओरडतो आणि मी जागी होते. पंचेचाळिशी उलटली माझी, केस पिकले, गुडघे बोलायला लागले, आणि माझा निकाल अजून तुझ्या गालातच.

तुला जाऊन आज पंधरा दिवस झाले. हयातीत मी तुला कधी 'तू' म्हटलं नाही. थोरली जाऊ म्हणजे 'अहो वहिनी, तुम्ही', असं माझ्या घरचं वळण. तू त्यावर इकडेतिकडे बघायचीस. "तुमी तुमी काय? माज्या मागं आनखी कोन उभी हाय?" म्हणायचीस. मी हसायचे आणि पुन्हा 'तुम्ही'च म्हणायचे. आज कागदावर तुला तू म्हणतेय. तुला उत्तर देता येत नाही हे बघून धीर आलाय, दुसरं काही नाही.

मी रत्नागिरीकडच्या एका शाळामास्तरांची मुलगी. लग्न होऊन डोंगरीला आले तेव्हा माझ्याकडे मिरवण्यासारख्या दोनच गोष्टी होत्या, एक पत्र्याची ट्रंक आणि एक ळ. ट्रंकेला वर्षभरात खाऱ्या वाऱ्याने गंज चढला. ळ मात्र मी घासूनपुसून लखलखीत ठेवला होता. कारण तुमच्या घरात ळ नव्हताच. केळीची केली, डोळ्याचा डोला, पोळीची पोली. मळ्याला तुम्ही 'मला' म्हणायचात, आणि 'मला' म्हणायचं असलं की 'मना'. पहिले सहा महिने घरात कोण काय मागतंय आणि कोण कुठे निघालंय, हेच मला कळेना. मग सवय झाली. तुझ्या तोंडून ल बाहेर पडला की मी मनातल्या मनात त्याचा ळ करून घ्यायचे, आणि तेवढ्यावरून स्वतःला फार हुशार समजायचे. तू एकदा फिलूबायला माझ्याबद्दल सांगत होतीस, मी भिंतीआडून ऐकलं: "आमच्या धाकलीची जीब टालूला चिकटते गो. म्हनून ती तशी बोलते. तशी बरी हाय."

फिलूबाय, म्हणजे फिलोमीना, आपल्या बांधाला बांध लावून असलेली ख्रिस्ती शेजारीण. तिचा मळा विहिरीच्या पलीकडच्या अंगाला, आपला अलीकडे, चढावर. आपला म्हणजे दोघा भावांचा, मधोमध एक बुटका बांध. डावा भाग तुझा आणि भावोजींचा, उजवा आमचा. आमचे हे सकाळी उठून भाईंदरला मिठागरावर मुकादमीला जायचे, त्यामुळे उजवा भाग माझ्या एकटीच्या गळ्यात. आणि दोन्ही मळ्यांच्या पायथ्याशी ती विहीर. तुमच्या बोलीत बाव. अख्खी आळी तिचं पाणी प्यायची. पहिला हंडा तुझा. तो वर आला की तू एक घोट तोंडात घ्यायचीस, डोळे मिटून धरायचीस, मग गिळायचीस आणि मान हलवायचीस. तुझी मान हलल्याशिवाय बाकीच्या बायका पोहरा सोडायच्या नाहीत. हे कोणी ठरवलेलं नव्हतं. देवळातल्या घंटेसारखं ते आपोआप होतं.

साठ साल उलटून गेलं असेल तेव्हा शेतकीचे एक साहेब आले. जीपमधून पांढऱ्या खताच्या गोण्या आणल्या आणि हातात छापील कागद दिला. आळीतल्या बायकांत वाचता येणारी मी एकटी. तेव्हा तो कागद मीच मोठ्याने वाचून दाखवला, एखादी पोथी वाचावी तसा. एका झाडाला अमुक चिमूट, असं त्यात लिहिलेलं होतं. चिमटीने वांगं वाढतं तर मुठीने केवढं वाढेल, हे गणित मास्तरांच्या मुलीला कोणी वेगळं शिकवावं लागलं नाही. शिवाय त्या खताला वास नव्हता. तू मळ्यात शेणखत घालायचीस आणि उत्तनहून आणलेल्या कुजक्या मासळीचं खत. तो वास माझ्या केसांतून चार चार दिवस जात नसे. हे खत कसं, स्वच्छ, दाणेदार, साखरेसारखं! पहिल्या दिवशी मी ते ओळीतून टाकत चालले होते, तर तू बांधावर उभी राहून बघत होतीस.

"मीठ टाकतंस का काय गो? नवऱ्याचा धंदा मल्यात आनलास?"

"खत आहे वहिनी. सरकारी."

"वास न्हाय त्याला."

"तेच तर चांगलं ना!"

"वास न्हाय तर तो कुटं गेला ते कलायचा कसा?" तू म्हणालीस आणि आपल्या टोपलीकडे वळलीस.

मी हसले होते, वहिनी. तुझं हे वाक्य मी ह्यांना सांगितलं आणि आम्ही दोघं मिळून हसलो होतो.

वांगी मात्र काय आली म्हणून सांगू! काळीभोर, चकचकीत. भाईंदरच्या बाजारात माझी टोपली खाली ठेवायचा अवकाश की रिकामी. मी तुझ्याकडे बघून नाक वर करायचे. तू एक वांगं हातात घेऊन दाबलंस आणि म्हणालीस, "चांगला हाय. पन घाई झालीय त्याला." पुढच्या वर्षी मी मुठीची ओंजळ केली. समुद्रावर ढग दाटून आलेले बघितले आणि धावत जाऊन खत टाकून आले. आता पाऊसच ते मातीत जिरवेल, आपल्याला पाणी शिंपायला नको. आणि पाऊस आला, तो असा की समोरचं चिंचेचं झाड दिसेना. मी दारात उभी राहून बघत होते. चढावरून पाण्याचे ओहळ विहिरीकडे उतरत होते, एकमेकांना मिळत, पुन्हा फुटत. फार देखणं दिसत होतं. आणि मी हात जोडून म्हणत होते, देवा, माझं काम तू केलंस.

केलं खरं.

त्या वर्षी नवरात्राच्या सुमाराला तू पहिल्या हंड्याचं पाणी तोंडात धरून नेहमीपेक्षा जास्त वेळ उभी राहिलीस. मग थुंकून टाकलंस.

"पानी बदललाय."

"तुमच्या तोंडाला चव नाही वहिनी. तंबाखू कमी करा." हे मी म्हटलं होतं.

मग ऊन तापलं आणि विहिरीवर हिरवी साय धरायला लागली. मी कठड्यावर वाकून बघायचे. अजून डोळ्यांपुढे आहे ते हिरवं, मखमलीसारखं, जड. त्यात आभाळ दिसायचं बंद झालं होतं. पोहरा आत पडला की ते फाटायचं, खालून काळं पाणी डोळा उघडायचं, आणि हळूहळू पुन्हा मिटायचं. पाणी गाळून घ्यायचो, उकळायचो, तुरटी फिरवायचो. वास तरी यायचाच. बायका कुजबुजायला लागल्या. कोणी म्हणे बावीत काहीतरी पडलंय, कोणी म्हणे फिलूबायच्या उकिरड्याचं पाणी उतरतंय. मी फिलूबायच्या उकिरड्याच्या बाजूने जोरात मान हलवायचे.

दुसऱ्या वर्षीही तेच. पण त्या वर्षी सुमीला दिवस गेले.

तुझी एकुलती एक लेक, जुन्या भाईंदरला दिलेली. पहिलं बाळंतपण, म्हणजे माहेरी. तू कोनाड्यातलं मोठं घमेलं बाळाच्या अंघोळीसाठी घासून ठेवलं होतंस, आणि जुन्या लुगड्यांची दुपटी शिवून एकावर एक रचून ठेवली होतीस. गणपती झाल्यावर तुझी विहीणबाई भेटायला आली. तू तिला पाणी दिलंस, गाळलेलं, उकळलेलं. तिने भांडं तोंडाजवळ नेलं, थांबली, आणि न पिता खाली ठेवलं. ठेवतानासुद्धा आवाज होऊ दिला नाही, इतकी चांगली बाई.

"रागावू नको विहीणबाय. पन ह्या पान्यावर मी पयलटकरीन न्हाय ठेवायची."

तुझ्या पदराचं टोक तुझ्या बोटाभोवती गुंडाळलं गेलं. मी आत चुलीपाशी होते. मला धूर लागला म्हणून डोळे पुसायला बरं पडलं.

"चैतात दिवस भरनार," तू म्हणालीस. "तवर बाव चांगली केली तर?"

"केलीस तर मीच आनून सोडतंय पोरीला. माजा शब्द."

एवढंच हवं होतं तुला, वहिनी. दुसरं कधी काही मागितल्याचं मला आठवत नाही. सुमीने आपल्या घरी बाळंत व्हावं, बाराव्या दिवशी बाळाला घेऊन आपल्या बावीवर जावं, हळदकुंकू वाहावं आणि पहिला पोहरा ओढावा. तुझ्या सासूने तुझ्याकडून ते करून घेतलं होतं, तुला ते लेकीकडून करून घ्यायचं होतं. चैत्रापर्यंतचा वेळ होता.

आणि मग माझा ळ कामाला आला.

तुझ्या माहेरी, वसईकडे, म्हणे बावीच्या काठाने पूर्वीपासून एक गवत लावायचे. वरून आलेलं पाणी त्याच्या मुळांत अडायचं, गाळ आणि घाण तिथेच राहायची, स्वच्छ तेवढं खाली यायचं. हे तू मला घाईघाईत सांगितलंस, कारण तुझा भाऊ आजारी पडला होता आणि तू आठ दिवसांसाठी माहेरी निघाली होतीस. बस पकडायच्या गडबडीत तू जे बोललीस ते असं:

"शालन, बावीच्या भवती वाला लावू. वाल्यातना पानी गालून येता. भायंदरच्या बाजारातना आन नि मी येईपर्यंत लावून टाक. ओल हाय तवर."

मी म्हटलं, हो.

आता बघ. केली म्हणजे केळी, डोला म्हणजे डोळा, इतकी वर्षं तुझ्या प्रत्येक ल मागे मी ळ लावत आले होते. वाला म्हणजे वाळा, उन्हाळ्यात पाण्याच्या मडक्यात टाकतो तो सुगंधी वाळा, हे शेंबड्या पोराला कळलं असतं. नेमकं त्याच दिवशी माझ्या मनाने ठरवलं की ही वाल म्हणतेय. आपला कडवा वाल, बिरड्याचा. आणि मास्तरांची मुलगी एकदा चुकली की शास्त्रासकट चुकते. वालाच्या मुळांवर गाठी असतात, त्या पाणी गाळत असणार, असं मी स्वतःच ठरवून टाकलं. बाजारातून चांगलं निवडक बी आणलं. विहिरीभोवती गोल आखून टोकत बसले, तर फिलूबाय बांधावरून ओरडली, "काय लावतंस गो?"

मी म्हटलं, यांच्याशी यांच्या बोलीत बोलावं. ठसक्यात म्हटलं, "वाला!"

"बरा करतंस!" म्हणाली आणि निघून गेली. एक बाई मला वाचवू शकली असती, तिचंही तोंड मीच बंद केलं.

तू परत आलीस तेव्हा दोन दोन पानं फुटली होती. तू पिशवी न ठेवताच विहिरीकडे गेलीस आणि वाकून बघितलंस.

"ह्यो काय?"

"वाल. तुम्हीच सांगितलेत."

"वाल न्हाय गो, वाला!"

"वालच आहे ना हा!"

"अगो वाल खायाचा. मी वाला बोलली. मडक्यातला वाला!"

"अहो, मग वाळा म्हणा ना!"

"तेच तर बोलतंय, वाला!"

आणि मग तू जी हसायला लागलीस, ती कठड्याला धरून खालीच बसलीस. फिलूबाय धावत आली, तिला कळल्यावर तीही बसली. "मास्तरानं शालेत वाल नि वाला येगला शिकवला न्हाय काय?" म्हणत ती माझ्या पाठीवर थापा मारत होती. मीही हसत होते. संध्याकाळी मात्र तू ओट्यावर बसून बोटांच्या पेरांवर महिने मोजताना दिसलीस. वाळ्याचे ठोंब पावसात धरतात. शेवटची ओल मी वालाला देऊन बसले होते. पेरं संपली तशी तू हात झटकलास आणि भात निवडायला घेतलंस. ते दृश्य मला आठवतं तेव्हा ते पाण्याखाली असल्यासारखं हलतं. तुझा हात, सूप, तिरपं ऊन. आवाज कसलाच नाही.

"लावलास तर राहू दे," तू दुसऱ्या दिवशी म्हणालीस. "बिरडा खाऊ."

वाल वाढला. आणि माघात ते झालं. एका सकाळी तू विहिरीभोवती चालत होतीस, शेंगा तोडत. फिलूबायच्या अंगाला वेल किडकिडीत, पण शेंगांनी वाकलेला. तुझ्या अंगाला तसाच. आणि उजव्या अंगाला, माझ्या मळ्याच्या खाली, वेल असा माजलेला की कठड्यावर चढलेला, पानं तळहाताएवढी, काळपट हिरवी, आणि शेंग एक नाही. पानंच पानं. तू ओणवी होऊन पानांत हात घातलास, खालून वर चाचपत गेलीस. मग मान वर करून माझ्या मळ्याच्या चढाकडे बघितलंस. धुकं होतं थोडं. मी वर वांग्यांत उभी होते, हातात खताची पाटी. कितीतरी वेळ आपण दोघी अशा बघत राहिलो. जास्त खाल्लेलं पीक पाल्यालाच जातं, हे तुला कागद न वाचता ठाऊक होतं. वास नसलेलं खत कुठे गेलं, ते वालाने सांगून टाकलं होतं.

चार दिवसांनी सगळ्या आळीला विहिरीवर बोलावलंस, बायका आणि पुरुष सगळे. आपल्या आळीची सभा म्हणजे तुला माहीतच आहे, पहिलं वाक्य संपायच्या आत दहा जण बोलायला लागायचे. तू काय केलंस, तर सगळ्यांना फुलपात्राने विहिरीचं पाणी दिलंस, न गाळलेलं.

"तोंडात धरा. गिलायचा न्हाय, थुकायचा न्हाय. मी बोलतंय तवर."

बाप्यांनी तोंडं वाकडी केली, पण धरलं. वीस-पंचवीस माणसं गाल फुगवून उभी, आणि तू एकटी बोलतेस. मी जन्मात तसली सभा बघितली नाही. तू म्हणालीस, बावीभोवती सात हात जागा सोडायची, तिथे कुणी कुदळ मारायची नाही, पावसात तिथे वाला लागेल, मी माहेरून आणते. फिलूबायचा उकिरडा खाली न्यायचा. तिने गाल फुगवलेलेच असताना डोळे वटारले. चढावरून आडवा चर खणायचा आणि डोंगराचं पाणी बावीला वळसा घालून खाचरात सोडायचं. ढग दिसले की खताला हात लावायचा नाही. लावायचं तेव्हा मुळाशी, थोडं, वरून माती. आणि औषध फवारायचा पंप कुणी बावीवर धुवायला आणला तर त्यालाच तो पाजीन. भावोजींना काहीतरी म्हणायचं होतं, त्यांच्या घशातून नुसता गुरगुर आवाज आला.

"आता थुका."

सगळे एकदम थुंकले, आणि तोंडातली ती चव घेऊन कुणाला नाही म्हणायचं सुचेना. फिलूबाय तेवढी तोंड पुसत म्हणाली, "ते बरा हाय सगला. पन खत कोनाचा उतरला, ते सांग की. मी उकिरडा हलवतंय तर मना कलू दे."

सगळ्यांनी वेलाच्या माजलेल्या बाजूकडे बघितलं, मग आपल्या दोघींकडे.

"आमचा," तू म्हणालीस.

"आमचा म्हंजे कोनाचा?"

"आमचा म्हंजे आमचा. येकच मला हाय आमचा."

माझ्या तोंडात तेव्हा अजून पाणी होतं. सगळे थुंकले आणि मी विसरले होते. मला बोलता आलं नसतं, असं मी आजवर स्वतःला सांगत आलेय. पाणी थुंकायला किती वेळ लागतो, वहिनी?

चैत्र काही थांबला नाही. गाळ काढला, कठडा हातभर उंच केला, पण पाणी इतक्यात कुठलं सुधारायला? सुमी सासरी बाळंत झाली, मुलगा झाला. तू अळिवाचे लाडू बांधून बसने भाईंदरला गेलीस. बाराव्या दिवशी पुन्हा गेलीस. संध्याकाळी परत आलीस तेव्हा मी ओट्यावर उभीच होते.

"कसं झालं?"

"बाव चांगली हाय त्यांची," तू म्हणालीस. "खोल हाय."

आणि आत जाऊन घमेलं माळ्यावर ठेवून दिलंस.

त्या पावसाळ्यात तू डोक्यावर भारा घेऊन माहेरून आलीस, ओल्या गोणपाटात गुंडाळलेले वाळ्याचे ठोंब. आळीतल्या सगळ्या बायका चिखलात ओणव्या झाल्या. मला तू शेजारी घेतलंस. "मूल खाली, शालन. पान वर. येवडा तरी नीट कर." माझी सात हात वांगी गेली. तुझ्या अंगाची सोडायची तशी गरज नव्हती, तिथून काही उतरत नव्हतं. पण तूही तुझी सात हात मोडलीस. मी विचारलं तर म्हणालीस, "दोघींचा सारका जाऊ दे. बांध सरल दिसतो."

त्यानंतर आपलं भांडण लागलं ते तू गेलीस त्या महिन्यापर्यंत चालू होतं. मी म्हणायचे, पांढरं खत वाईट नाही, माझा हात वाईट होता. तू म्हणायचीस, त्यानं जमीन आलशी होते. मी म्हणायचे, तुमच्या मासळीच्या खतावर एवढी वांगी येतील का? तू म्हणायचीस, एवडी खानार कोन हाय? पाव मुठीवर आपली तडजोड झाली होती, पण पाव मूठ कुणाच्या हाताची, ते ठरायचं राहिलं. तुझा हात माझ्या दीडपट. मला अजून वाटतं की त्यात माझंच थोडं बरोबर होतं. आता हे कुणाला पटवू? फिलूबायशी बोलले तर ती नुसती 'वाला!' म्हणते आणि हसते.

पाणी लगेच आलं नाही. एक पावसाळा गेला, दुसरा गेला. वाळा गुडघ्याएवढा झाला, मग कमरेएवढा. वारा सुटला की विहिरीभोवती एक हिरवी लाट फिरायची, आणि उन्हात त्याच्या मुळांचा मंद वास यायचा, मडक्यातल्या पाण्यासारखा. चराचं गढूळ पाणी लांबून वळसा घालून जायचं, ओळख विसरलेल्या पाहुण्यासारखं. हिरवी साय विरळ झाली, कडेला सरकली. एके दिवशी मी वाकून बघितलं तर खाली आभाळ होतं, त्यात एक बगळा उडत गेला, आणि बराच वेळ मला कळेना की मी वर बघतेय की खाली. तिसऱ्या वर्षी, थंडीत, तू पहिल्या हंड्याचा घोट तोंडात धरलास. मी तुझ्या मागे रांगेत होते. खूप वेळ गेला. मग तुझा गळा हलला. तू मान हलवली नाहीस, हंडा उचलून डोक्यावर घेतलास आणि चालू लागलीस. बाकीच्या बायकांनी एकमेकींकडे बघितलं आणि पोहरा सोडला.

सुमीच्या दुसऱ्या खेपेला विहीणबाई स्वतः तिला घेऊन आली. दोन भांडी पाणी प्यायली, उभ्याने. मुलगी झाली. बाराव्या दिवशी सुमी बाळाला पदराखाली घेऊन बावीवर गेली. हळदकुंकू वाहिलं, पाच खडे मांडले, नारळ ठेवला. तिने पोहरा ओढला तेव्हा तू तिच्या मागे हात पुढे करून उभी होतीस, ती पडलीच तर धरायला. त्या वेळी मी तुला सांगायला हवं होतं. पहिला नातू ह्या बावीवर आला नाही तो माझ्या हातामुळे, आणि तू 'आमचा' म्हणालीस त्याबद्दल मी तुझे पाय धरायला हवे होते. जीभ टाळूला चिकटली. माझी चिकटतेच, तू म्हणालीच होतीस.

मग वर्षं गेली. सांगायचं म्हटलं की तू नेमकं दुसरंच काहीतरी काढायचीस. भात संपत आलाय. बोंबलांना ऊन लागत नाही. मला वाटायचं, बरं झालं, हिला कळलेलं दिसत नाही. माघातल्या त्या सकाळी तू माझ्याकडे बघत होतीस, ते धुक्यात मी दिसले नसेन, असंसुद्धा मी कधी कधी धरून चालायचे. माणूस स्वतःसाठी केवढं धुकं पाडू शकतं!

परवा तुझे दिवस संपले. सगळे जेवून गेले, आळी शांत झाली. मी आणि सुमी विहिरीवर भांडी घासत बसलो होतो. पावसाला अजून अवकाश आहे, पण वाळ्याचे ठोंब फोडायला झालेत, असं ती म्हणत होती. हुबेहूब तुझ्यासारखी, हात न थांबवता. मला एकदम वाटलं, आत्ता नाही सांगितलं तर मी सुद्धा एक दिवस अशीच जाईन, तोंड गच्च भरलेलं ठेवून.

"सुमे, तुझ्या पहिल्या बाळंतपणाचं एक सांगायचं राहिलंय."

"सांग ना काकी."

"तू इथे आली नाहीस ती माझ्यामुळे. बावीत उतरलं ते खत माझं होतं. तुझी आई आमचा म्हणाली. आमचा नव्हता गं. माझा होता. मुठी मुठी मी टाकला होता."

सुमीने हातातलं भांडं खाली ठेवलं. राखेचा हात तोंडावर नेला, डोळे मोठे केले आणि भुवया पार केसांपर्यंत चढवल्या.

"अगो बाय! काय सांगतंस काकी!"

मी बघतच राहिले. तिच्या हनुवटीला राख लागली होती, आणि हनुवटी हलायला लागली होती. मग तिला हसू फुटलं, आणि हसता हसता ती रडायलाच लागली.

"न्हाय जमला गो मना. आई बोललेली, काकी कदी ना कदी तुना सांगल. तवा तू चकित झाल्यासारकी कर, न्हायतर बिचारीला वाईट वाटल."

"कधी म्हणाली होती?"

"पयल्या बालंतपनात. अलिवाचे लाडू घेऊन आलेली, तवाच." तिने पदराने डोळे पुसले, पुन्हा भांडं हातात घेतलं. "इतकी वर्षा झाली काकी. दर सनाला येताना बसमदी तसला तोंड करून बघतंय मी. तू सांगतच न्हायस."